पेटीतली डिस्क आणि साखरखेर्ड्याची बदली

बुलढाणा जिल्ह्यात, साखरखेर्ड्याच्या परिसरात राहणारे एक निवृत्त शिक्षक जुन्या कागदांचे फोटो काढून ठेवतात. कुणाच्या घरातली मोडी कागदांची चळत, कुणाच्या पेटीतला उर्दू निकाहनामा, एखाद्या दर्ग्याच्या इनामाची फारसी सनद. कागद मालकाला परत जातो, फोटो सरांच्या संगणकात राहतो. मशीन जुनेच आहे. आत दोन डिस्क. एकीवर विंडोज आणि दुसरीवर, म्हणजे ‘डी’ ड्राइव्हवर, सगळे कागद.

एके दिवशी नातवाने पेनड्राइव्ह काढण्यासाठी खाली घड्याळाजवळच्या चिन्हावर क्लिक केले. यादीत दोन नावे होती. त्याने चुकीच्या नावावर ‘इजेक्ट’ दाबले आणि ‘डी’ ड्राइव्ह दिसेनासा झाला. तीन दिवस सरांनी मशीनला हात लावला नाही. कुणी म्हणाले डिस्क गेली, कुणी म्हणाले फॉरमॅट मारा, कुणी रिकव्हरीचे सॉफ्टवेअर सुचवले. त्यांचा फोन आला तेव्हा मी एवढेच म्हटले, ‘सर, काही करू नका, फक्त रीस्टार्ट करा.’ डिस्क परत आली. एकही फाइल गेलेली नव्हती. जायचे कारणही नव्हते, कारण इजेक्ट म्हणजे पुसणे नव्हे. विंडोज त्या डिस्कवरचे अर्धवट लिखाण पूर्ण करते, तिच्याशी असलेला व्यवहार थांबवते आणि तिला यादीतून वगळते.

पण सर इतिहासाचे माणूस. त्यांनी पुढे जो प्रश्न विचारला तो मला त्या दुरुस्तीपेक्षा मोलाचा वाटतो. ‘अहो, ही डिस्क पेटीत चार स्क्रूंनी बसवलेली आहे. मी ती कधी काढली नाही, काढणारही नाही. मग ती काढता येण्याजोगी आहे ही नोंद केली कुणी?’

नोंद कुणी केली, कधी केली आणि कशाबद्दल केली, हे तीन प्रश्न कुठल्याही दस्तऐवजाला विचारायचे असतात. इथेही तेच विचारू.

डिस्कच्या तवारिखेत ‘स्थिर’ आणि ‘काढती’ हा भेद फार जुना आहे. 1956 साली आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यातल्या 350 क्रमांकाच्या साठवण-कपाटात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांवर 50 लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवरचा एखादाच फोटो तेवढी जागा खातो. एक टनाच्या घरातले ते कपाट कुणी काढून नेण्याचा सवालच नव्हता. पण 1962 साली त्याच कंपनीने 1311 हे यंत्र काढले आणि चित्र पालटले. त्यात सहा तबकड्यांचा एक गठ्ठा असे. वरून झाकण लावायचे, मूठ धरून उचलायचे, कपाटात ठेवायचे आणि दुसरा गठ्ठा बसवायचा. पगाराचा वेगळा, मालसाठ्याचा वेगळा. यंत्र जागच्या जागी, बदलायचा तो फक्त गठ्ठा. ‘रिमूव्हेबल’ या शब्दाचा मूळ अर्थ हा होता आणि पुढचा सगळा घोळ समजायला तो ध्यानात ठेवावा लागतो.

गठ्ठे बदलले की धूळ आत जाई. तबकडी आणि तिच्यावरून फिरणारे वाचक-डोके यांच्यातले अंतर केसाहूनही कमी असल्याने धुळीचा कण म्हणजे संकट. म्हणून 1973 साली आयबीएमच्या 3340 या यंत्रात, ज्याचे टोपणनाव ‘विंचेस्टर’ होते, तबकड्या आणि डोकी एकाच बंद डब्यात घातली गेली. तो डबा अजूनही उचलता येत होता. पुढच्या यंत्रांत डबा कायमचा आत गेला, तरी विंचेस्टर हे नाव मात्र अशा सीलबंद डिस्कला चिकटून राहिले. 1980 मध्ये सीगेटने सव्वापाच इंची, 5 मेगाबाइटची एसटी-506 आणली आणि सीलबंद डिस्क टेबलावरच्या छोट्या संगणकात शिरली. 1983 साली आयबीएमच्या पीसी-एक्सटीमध्ये 10 मेगाबाइटची डिस्क बसवून मिळू लागली. तिची विभागणी करणाऱ्या प्रोग्रामचे नाव होते एफडिस्क. त्यातला ‘एफ’ म्हणजे फिक्स्ड, स्थिर. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणक शिकले त्यांनी हा शब्द शेकडो वेळा टाइप केला असेल. त्या काळी भेद सरळ होता. फ्लॉपी काढती, हार्ड डिस्क स्थिर. ए आणि बी बदलतात, सी जागेवर राहते.

यंत्राला हा भेद कळावा म्हणून एक बारीकशी सोय करण्यात आली. संगणक डिस्कला विचारतो, ‘तू कोण?’ डिस्कच्या उत्तरात एक बिट असतो, म्हणजे एक किंवा शून्य. एक असेल तर आतले माध्यम बदलता येते. फ्लॉपी, सीडी, नव्वदच्या दशकातला झिप ड्राइव्ह यांचे उत्तर ‘एक’. हार्ड डिस्कचे ‘शून्य’. हा बिट माध्यमाबद्दल होता. उपकरणच उपटून नेण्याबद्दल त्यात काही म्हटलेले नव्हते, कारण त्या काळी चालू मशीनमधून हार्ड डिस्क कुणी उपटत नव्हते. रुंद पट्टीसारख्या केबलने जोडलेली डिस्क चालू विजेत ओढली तर डिस्क किंवा बोर्ड जळण्याची भीती असे.

2003 च्या सुमारास साटाची बारीक केबल आली आणि इथून गोष्ट गुंतागुंतीची होते. साटाच्या जोडणीत काही पट्ट्या मुद्दाम इतरांपेक्षा लांब ठेवल्या आहेत. त्यामुळे जोडताना अर्थिंग आधी लागते आणि काढताना ते शेवटी सुटते. म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्क घालता-काढता येते. मोठ्या सर्व्हरमध्ये शेकडो डिस्क असतात, एक बिघडली म्हणून सगळे बंद करता येत नाही. त्यांच्यासाठी ही खरीच गरज होती. पाठोपाठ 2004 मध्ये पेटीबाहेर जोडायच्या ई-साटाचा मसुदा आला आणि त्याच साली एएचसीआय हा नियम ठरला. साटाच्या प्रत्येक पोर्टची एक नोंदवही असावी आणि तीत त्या पोर्टचे गुण लिहावेत, असा तो नियम. त्यात दोन नोंदी आपल्या कामाच्या आहेत. एक, या पोर्टवरची डिस्क चालू मशीनमधून काढता येते. दुसरी, हा पोर्ट पेटीच्या बाहेर उघडतो.

सरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. या नोंदी डिस्क करत नाही, विंडोजही करत नाही. मदरबोर्डवरचा बायोस मशीन सुरू होताना त्या लिहितो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला तो बोर्ड कोणत्या पेटीत जाईल हे ठाऊक नसते. कुणी समोरून डिस्क सरकवण्याचा खण लावेल, कुणी चार स्क्रूंनी आत आवळून टाकेल. कंपनी सावधपणा म्हणून अनेकदा सगळ्या पोर्टांपुढे ‘काढता येते’ असे लिहून मोकळी होते. विंडोजचा ड्रायव्हर ती नोंद वाचतो आणि घड्याळाजवळच्या यादीत डिस्कचे नाव टाकतो. पोर्ट काय करू शकतो याची ती नोंद, पण वाचणारा ती डिस्कच्या माथी मारतो.

सरांच्या ‘डी’ ड्राइव्हवर सगळ्यात मोठा संग्रह आहे तो त्यांच्याच गावच्या लढाईचा. 11 ऑक्टोबर 1724 या दिवशी शकरखेड्याच्या, म्हणजे आजच्या साखरखेर्ड्याच्या रणात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान समोरासमोर आले. शाळेच्या पुस्तकात ही लढाई दोन ओळींत संपते, ‘इथून हैदराबादचे राज्य सुरू झाले’ एवढेच सांगून. प्रत्यक्षात तिचा वाद होता तो बदलीचा.

मोगल कारभारात दोन प्रकारचे हक्क होते. एक तनख्याची जागीर. मन्सबदाराला पगारापोटी ठरावीक परगण्यांचा वसूल मिळे आणि काही वर्षांनी जागीर बदले. आज वऱ्हाडात, उद्या माळव्यात. सुभेदारीही तशीच, बादशहाच्या मर्जीवरची आणि बदलीची. दुसरे वतन. ते मातीला बांधलेले, बापाकडून मुलाकडे जाणारे. याच तालुक्यातल्या सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, निजामशाहीतून मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत आले आणि 1629 मध्ये दौलताबादेत मारले गेले. चाकरी बदलत गेली, सिंदखेडची देशमुखी जाधवांच्या घरातच राहिली. काढता येणारे काय आणि स्थिर काय, हे त्या काळच्या प्रत्येक कारकुनाला तोंडपाठ होते. कागदावर तसा शेराच असे.

निजाम-उल-मुल्क बदलीच्या खात्यातला माणूस. 1713 मध्ये त्याला दख्खनची सुभेदारी मिळाली, 1715 मध्ये ती काढून सय्यद हुसेनअलीला दिली गेली. 1720 साली तो माळव्यातून नर्मदा ओलांडून स्वतःच खाली आला. आधी दिलावरअलीखानाला आणि मग अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळ आलमअलीखानाला हरवून त्याने दख्खन ताब्यात घेतले. 1722 मध्ये तो दिल्लीत वजीर झाला, पण दरबाराशी जमले नाही आणि 1723 च्या अखेरीस त्याने दिल्ली सोडली. तेव्हा मुहम्मदशाहाच्या दरबाराने कागदावर सोपा उपाय केला. हैदराबादेत दशकभर सुभेदारी करणाऱ्या मुबारिझखानालाच संपूर्ण दख्खन नेमून दिले आणि निजामाला हुसकावून लाव असे कळवले. दिल्लीच्या दफ्तरापुरता निजाम दख्खनमधून ‘इजेक्ट’ झाला होता.

पण तो जागचा हलला नाही. साखरखेर्ड्याला मुबारिझखान आपल्या दोन मुलांसह मारला गेला. निजामाने गावाला फतेहखेर्डा हे नाव दिले, जे नंतरच्या इंग्रजी कागदपत्रांतही फतेहखेल्डा म्हणून दिसते. लोकांनी मात्र साखरखेर्डाच चालू ठेवले. इतिहासकार सांगतात की विजयानंतर निजामाने मुबारिझखानाचे शिर बादशहाकडे पाठवले आणि बंडखोर मारला गेल्याबद्दल बादशहाचेच अभिनंदन केले. दिल्लीनेही ते गिळले. 1725 मध्ये त्याच बादशहाने दख्खनची सुभेदारी कायम करून ‘आसफजाह’ हा किताब दिला. गंमत अशी की नोंद तरीही बदलली नाही. कागदावर तो शेवटपर्यंत बादशहाने नेमलेला सुभेदार, म्हणजे काढता येण्याजोगाच राहिला. हैदराबादच्या नाण्यांवर मोगल बादशहाचे नाव 1857 च्या उठावापर्यंत उमटत होते. जमिनीवर सव्वाशे वर्षे वतन, दफ्तरात सव्वाशे वर्षे बदलीची नोकरी.

वऱ्हाडाच्या वाट्याला तर हे पुढेही आले. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, 1902 मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने. तरी मालकीच्या रकान्यात निजामच राहिला आणि 1936 मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. साखरखेर्ड्याचा शेतकरी सारा भरत होता इंग्रजांच्या तहसिलीत. नोंद आणि वस्तुस्थिती यांचा संबंध सुटला की दोन्हीकडे पुरावे सापडतात, म्हणून असे कागद वाचताना कुठला रकाना कशाबद्दल आहे ते आधी पाहावे लागते.

डिस्कच्या बाबतीत रकान्यांची ही गल्लत फक्त विंडोजने केली असे नाही. 2015 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक बदल झाला. ज्या पोर्टपुढे ‘काढता येते’ किंवा ‘बाहेरचा’ अशी नोंद आहे, त्यावरच्या डिस्कचा तो जुना माध्यमाचा बिटच ‘एक’ करून टाकायचा. बाहेरून जोडलेल्या ई-साटा डिस्कला पेनड्राइव्हसारखी वागणूक मिळावी, एवढाच हेतू होता. पण त्यामुळे पेटीतल्या डिस्कही काढत्या दिसू लागल्या. 2024 मध्ये हे मागे घेण्यात आले. त्यासोबतचे स्पष्टीकरण मला फार आवडले. तो बिट फक्त अशा उपकरणांसाठी आहे जिथे उपकरण राहते आणि माध्यम बदलते, असे त्यात म्हटले होते. म्हणजे 1962 च्या गठ्ठ्यांचा मूळ अर्थ साठ वर्षांनी पुन्हा वाचला गेला.

सरांच्या मशीनकडे परत येतो, कारण इजेक्टपेक्षा मोठी गोष्ट त्यानंतर लक्षात आली. त्यांनी रोज रात्री चालणारा बॅकअपचा प्रोग्राम लावला होता आणि त्या भरवशावर ते निर्धास्त होते. त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘रिमूव्हेबल ड्राइव्ह वगळा’ या ओळीपुढे खूण आधीपासूनच होती. आता पेनड्राइव्हचा बॅकअप कोण कशाला घेईल? पण या प्रोग्रामने ‘डी’ ड्राइव्हलाही त्याच रांगेत बसवले होते. वर्षभर विंडोजच्या डिस्कची नक्कल निमूटपणे होत राहिली आणि ज्या डिस्कसाठी हा खटाटोप केला तिची एकदाही झाली नाही. ‘बॅकअप यशस्वी’ हा निरोप मात्र रोज येत होता. सनदांचे मूळ कागद बहुतेकांच्या घरी पावसात भिजणारे, वाळवीला बळी पडणारे. त्यातले दोन कुटुंबांचे कागद फोटो काढल्यानंतर नष्टही झाले आहेत. त्यांची एकच प्रत उरली होती आणि ती त्या डिस्कवर होती. डिस्क तेव्हा बिघडली नाही, हे नशीब म्हणायचे.

दुरुस्ती फार अवघड नाही. पहिला उपाय बायोसमध्ये. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-2 दाबून आत जायचे. साटाच्या पानावर प्रत्येक पोर्टपुढे ‘हॉट प्लग’ असे लिहिलेले असते. आत आवळलेल्या डिस्कच्या पोर्टपुढे ते ‘डिसेबल्ड’ करायचे. बाहेरून डिस्क घालण्याचा खण असेल तर त्याचा पोर्ट चालूच ठेवायचा, तिथे ती नोंद खरी आहे. बऱ्याच मशीनचे दुखणे इथेच संपते.

काही बायोसमध्ये ही ओळच नसते, विशेषतः कंपनीने तयार विकलेल्या संगणकांत. सरांचे तसेच होते. अशा वेळी वाचणाऱ्यालाच सांगावे लागते की हा पोर्ट आतला समज. विंडोज 8 पासून पुढे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ‘स्टोर-एएचसीआय’ हा ड्रायव्हर असतो. रजिस्ट्रीत त्याच्या ‘पॅरामीटर्स’ आणि त्याखालच्या ‘डिव्हाइस’ या कप्प्यात ‘ट्रीट ॲज इंटर्नल पोर्ट’ या नावाची, तिन्ही रिकाम्या जागा न सोडता लिहिलेली, अनेक ओळींची नोंद करायची आणि तीत पोर्टचा क्रमांक घालायचा. क्रमांक कुठून आणायचा? डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या माहितीत ‘लोकेशन’पुढे ‘बस नंबर’ लिहिलेला असतो, तोच. मग रीस्टार्ट. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची नक्कल ठेवायची, हे सांगायला नकोच. चिपसेट कंपनीचा वेगळा ड्रायव्हर असेल तर या नोंदीचा उपयोग होत नाही, तिथे त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती पाहावी लागते.

विंडोज ज्या डिस्कवर चालते ती यादीत दिसली तर घाबरायचे कारण नाही. ती वापरात असल्याने विंडोज तिला सोडतच नाही. धोका दुसऱ्या, तिसऱ्या डिस्कला, म्हणजे नेमकी आपली माणसे जिच्यावर फोटो आणि कागद ठेवतात तिला. ती अचानक नाहीशी झाली तर आधी रीस्टार्ट करावे, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करावे. तरीही आली नाही, किंवा कुणी हात न लावता वरचेवर गायब होऊ लागली, तर मात्र मामला नोंदीचा नाही. केबल सैल आहे किंवा डिस्क खरोखर थकली आहे. तेव्हा मशीन बंद करून केबल बदलावी आणि चालू असेपर्यंत नक्कल काढून घ्यावी. फॉरमॅट मारण्याचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सरांकडे बसून मी ती नोंद घातली, मशीन पुन्हा सुरू केले. घड्याळाजवळच्या यादीत आता फक्त पेनड्राइव्ह होता. मग बॅकअपच्या प्रोग्राममधली ती खूण काढली आणि ‘डी’ ड्राइव्हचे नाव हाताने टाकले. पहिली नक्कल व्हायला रात्रभर लागली. सकाळी आम्ही निरोपावर विसंबलो नाही. बाहेरची डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, त्या दोन कुटुंबांचे कागद शोधले आणि एकेक फाइल उघडून पाहिली. फारसी सनदेवरचा शिक्का नीट वाचता येत होता. दुसरी प्रत करून सरांनी ती मेहकरला राहणाऱ्या मुलीकडे ठेवायला दिली आहे.